धिप्पाड माणसाची पहिली मोटारसायकल

सहा फूट दोन इंच उंची आणि शंभरी ओलांडलेलं वजन असलेला मुलगा पहिली मोटारसायकल घ्यायची म्हणतो, तेव्हा घरापासून शोरूमपर्यंत सगळ्यांचं उत्तर तयार असतं: 'तुला बुलेटच शोभेल.' या उत्तरामागे जुनी परंपरा आहे. १९५०च्या दशकात भारतीय लष्करानं बुलेट मागवल्या, १९५५ साली मूळ इंग्लिश कंपनी रॉयल एन्फिल्डची मद्रास मोटर्सशी भागीदारी झाली आणि त्या भारतातच तयार होऊ लागल्या. पुढे फौजी, फौजदार आणि पैलवान यांच्याच मांडीखाली लोकांनी ती गाडी पाहिली. पश्चिम महाराष्ट्रात कुस्तीच्या मैदानाला किंवा बैलगाडा शर्यतीला आजही बक्षीस म्हणून बुलेट लावली जाते. मोठा माणूस आणि दणदणीत गाडी ही जोडी डोक्यात पक्की बसली आहे ती अशी.

शोभण्याचा निकष फेटा निवडताना ठीक आहे. ज्याला अजून क्लच नीट सोडता येत नाही, त्याच्यापुढचे प्रश्न निराळे असतात. गुडघे कुठे जाणार, शॉकअप किती बसणार, ब्रेक पुरणार का, आणि सिग्नलला गाडी एका बाजूला कलली तर सावरता येणार का? या प्रश्नांची उत्तरं इंजिनाच्या सीसीत सापडत नाहीत. तरी खरेदीची चर्चा नव्वद टक्के वेळा सीसीवरच सुरू होते आणि सीसीवरच संपते.

तेव्हा आधी सीसीचा हिशेब संपवून टाकू. हीरो स्प्लेंडर प्लसचं वजन ११२ किलो आणि ताकद सुमारे ८ पीएस, म्हणजे अश्वशक्ती. तिच्यावर ७० किलोचा माणूस बसला की एकूण भार १८२ किलो होतो, म्हणजे दर टनामागे ४४ पीएस. माणूस ११० किलोचा असेल तर भार २२२ किलो आणि टनामागे ३६ पीएस. पिकअप साधारण १८ टक्क्यांनी घटला. हा फरक जाणवतो, यात शंका नाही. पण रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० वर तोच ११० किलोचा माणूस बसला, तर १९५ किलोची गाडी आणि २० पीएसची ताकद धरून टनामागे ६६ पीएस पडतात. म्हणजे स्प्लेंडरवरच्या सडपातळ माणसाच्या दीडपट. अख्खा देश ज्या ताकदीवर रोज कामाला जातो, तिच्या दीडपट ताकद नवशिक्याला कमी पडत असेल, तर अडचण इंजिनाची नसावी.

घाटाचं काय, हा पुढचा प्रश्न. बारा मीटर चालून एक मीटर चढणारा रस्ता धरा. ११० किलोचा चालक स्प्लेंडरवरून ताशी ४० किलोमीटरनं तो चढतो, तेव्हा चढ, वारा आणि टायरचं घर्षण मिळून ढोबळमानानं ४ पीएस लागतात. इंजिनाकडे त्याच्या दुप्पट आहेत. वेग ६० वर न्यायचा म्हटला तर साडेसात पीएसच्या आसपास लागतात आणि गाडीचा दम संपतो. मागे आणखी ७० किलोचा माणूस असेल तर हाच आकडा नऊच्या घरात जातो, म्हणजे ६० चा वेग विसरायचा. शहरात एकट्यानं फिरणाऱ्या मोठ्या चणीच्या माणसालाही १५० ते २०० सीसीची, १४ ते १९ पीएसची गाडी पुरते. वरचेवर महामार्ग, घाट आणि दोन माणसं असतील तर ३५० च्या गटाकडे जाण्यात अर्थ आहे. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्यांवरचा ४० टक्के झाला. ३५० सीसीची रेष आता खिशालाही कळते.

युरोपात नवशिक्याला हवी ती गाडी मिळत नाही. तिथल्या 'ए-२' परवान्यावर जास्तीत जास्त ३५ किलोवॅट, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्तीची गाडी चालवता येते, आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.२ किलोवॅटची वेगळी मर्यादाही आहे. आपल्याकडे अठरा पूर्ण झाली आणि गिअरच्या दुचाकीचा परवाना हाती आला की १०० सीसी काय आणि १३०० सीसी काय, कायद्याच्या लेखी सारखंच. त्यामुळे लगाम स्वतःलाच लावावा लागतो. अंगानं मोठा म्हणून कौशल्यानं मोठा असं कुठलाही आरटीओ ठरवत नाही, मित्रमंडळी मात्र ठरवून मोकळी होतात.

'मोठी चण' म्हणताना लोक दोन वेगळ्या अडचणी एकत्र करतात. एक उंचीची, दुसरी वजनाची किंवा रुंदीची. सहा फूट तीन इंचांच्या काटकुळ्या मुलाला जी गाडी सोयीची, ती साडेपाच फुटी आणि ११५ किलोच्या गृहस्थाला डोकेदुखी ठरू शकते. उलटही तितकंच खरं.

उंच माणूस शोरूममध्ये गेला की त्याला सीटची उंची सांगितली जाते. स्प्लेंडर ७८५ मिलिमीटर, हंटर ३५० ची ७९०, क्लासिक ३५० ची ८०५, हीरो एक्सपल्स २०० फोर-व्हीची ८२५, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्सची ८३५. बहुतेक भारतीय ग्राहकांना हा आकडा कमी हवा असतो, कारण पाय टेकायचे असतात. उंच माणसाच्या दृष्टीनं मात्र सीट उंच असणं ही सोय आहे. पाय टेकण्यापेक्षा पाय दुमडण्याचा त्रास त्याला जास्त. खरं पाहायचं अंतर असतं सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं, आणि ते माहितीपत्रकात सहसा छापत नाहीत. ते कमी असलं की गुडघा काटकोनाच्याही आत दुमडतो, तासाभरात मांडीत गोळा येतो आणि माणूस उगाच गाडीच्या नावानं खडे फोडतो.

सीट, हँडल आणि फूटरेस्ट या तीन बिंदूंच्या त्रिकोणात चालकाचं शरीर अडकवलेलं असतं. उंच माणसाला तो त्रिकोण मोठा हवा. ऑफरोडच्या धाटणीच्या गाड्यांमध्ये तो आपोआप मोठा असतो, कारण त्या उभ्यानं चालवायच्या हिशेबानंच आखलेल्या असतात. म्हणून डोंगरात कधीच जाणार नाही अशा सहा फुटी माणसालाही एक्सपल्ससारखी गाडी शहरात सुखाची वाटते. ती १६० किलोच्या आत बसते, हा नवशिक्यासाठी वरचा फायदा. केटीएम ३९० ॲडव्हेंचर भारतात २०२० साली आली तेव्हा तिची सीट ८५५ मिलिमीटरवर होती आणि अनेकांनी नाकं मुरडली. गंमत अशी की ऑस्ट्रियन नावाची ती गाडी आणि ब्रिटिश नावाच्या ट्रायम्फ ४००, दोन्ही बजाजच्या चाकणच्या कारखान्यांत तयार होतात. लांब युरोपीय पायांच्या मापाच्या गाड्या पुणे जिल्ह्यातच घडतात. इथल्या उंच माणसानं त्याचा फायदा का घेऊ नये?

रुंद अंगाच्या माणसाचं गणित वेगळं. त्याच्या मांड्या जाड असतात, त्यामुळे रुंद सीटवर पाय फाकतात आणि जमिनीपर्यंतचं अंतर वाढतं. ८०५ मिलिमीटरची रुंद सीट त्याला ८२५ च्या अरुंद सीटहून उंच भासू शकते. पोट मोठं असेल तर पुढे झुकून बसायच्या, खाली बसवलेल्या हँडलच्या स्पोर्ट गाड्या बाजूलाच ठेवाव्यात. तिथे पोट टाकीवर येतं, शरीराचा भार मनगटांवर पडतो आणि वळताना हात मोकळे राहत नाहीत. ताठ बैठक, उंच व जवळ आलेलं हँडल आणि अखंड लांब सीट हे त्याच्या कामाचं. दोन भागांत तुटलेल्या सीटचा पुढचा भाग मोठ्या बुडाला अपुरा पडतो आणि मागची पायरी कंबरेत टोचते. अखंड सीटवर माणूस दोन इंच मागे सरकून आपली जागा करून घेतो. मग मागे बसणाऱ्याचं काय होतं, हा घरगुती वाटाघाटींचा विषय.

आता एका लाडक्या गैरसमजाकडे. धिप्पाड माणसाला क्रूझर बरी, असं सर्रास सांगितलं जातं. बजाज ॲव्हेंजर २२० क्रूझची सीट ७३७ मिलिमीटरवर, रॉयल एन्फिल्ड मिटिऑर ३५० ची ७६५ वर. बसायला ऐसपैस, पाय पुढे पसरलेले, दिसायला राजेशाही. पण सीट इतकी खाली आणायची तर मागच्या शॉकअपला खालीवर व्हायला जागा कमी उरते. मिटिऑरच्या मागच्या चाकाला सुमारे ९० मिलिमीटरचा प्रवास मिळतो, एक्सपल्सच्या १७०. त्यात पाय पुढे असल्यानं खड्डा आला तरी पायांवर जोर देऊन बूड उचलता येत नाही. खड्ड्याचा सगळा दणका माकडहाडावर. ६५ किलोच्या माणसाला जे चालून जातं, ते ११५ किलोच्या माणसाला आपल्या रस्त्यांवर महागात पडतं. क्रूझर वाईट नाहीत, त्यांचा बेत गुळगुळीत रस्त्यांसाठीचा आहे.

शॉकअपबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मोठ्या माणसाचं सुख किंवा दुःख इथेच ठरतं. गाडीवर बसलं की स्प्रिंग काही अंशी दबते. हे दबणं आवश्यकच असतं. चाकाला खड्ड्यात खाली उतरायला त्यामुळेच जागा मिळते. एकूण प्रवासाच्या पाव ते तृतीयांश इतकी गाडी बसावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. चालक जड असेल तर ती निम्म्यापर्यंत बसते. मग पुढचा खड्डा आला की उरलेली जागा संपते आणि शॉकअप तळाला आपटतो, गॅरेजच्या भाषेत 'ठोकतो'.

ठोकणं ऐकू तरी येतं. त्याहून वाईट गोष्ट मुकाट्यानं घडते. मागचा भाग बसला की पुढचा वर होतो. पुढच्या चाकाचा तिरपेपणा वाढतो, गाडी वळायला आळस करते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि लेग गार्ड, स्टँड वळणावर लवकर घासतात. नवशिक्याला वाटतं आपल्यालाच वळवता येत नाही.

यावरचा पहिला उपाय फुकट आहे. बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपला पायऱ्यांची कडी असते. स्प्लेंडरला पाच पायऱ्या, क्लासिकला सहा. आकड्यासारख्या पान्यानं ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि बसलेली गाडी वर येते. कारखान्यातून गाडी सहसा खालच्या पायऱ्यांवरच येते आणि कित्येकांच्या गाड्या भंगारात जाईपर्यंत तिथेच राहतात. शंभर किलोच्या वरच्या माणसानं पहिल्याच दिवशी ती वर घ्यावी. मात्र याची मर्यादा ओळखून असावं. कडी फिरवल्यानं स्प्रिंग कडक होत नाही, फक्त तिची सुरुवातीची जागा बदलते. शेवटच्या पायरीवरही गाडी ठोकत असेल, तर त्या माणसाला जास्त कडक स्प्रिंग हवी किंवा जास्त प्रवासाची दुसरी गाडी. जुनी गाडी घेणाऱ्यानं शॉकअपला तेलाचे ओघळ आहेत का, हे इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी पाहावं.

गाड्यांचे आकडे कुठल्या माणसावर बेतलेले असतात, हेही माहीत असावं. ॲव्हरेज आणि धुराच्या अधिकृत चाचण्यांत दुचाकीच्या रिकाम्या वजनात चालकाचे म्हणून ७५ किलो धरले जातात. साहजिकच १२० किलोच्या माणसाला जाहिरातीतलं ॲव्हरेज मिळणार नाही आणि त्यासाठी मेकॅनिकशी भांडण्यात हशील नाही. वजनाची कमाल मर्यादा मात्र पुस्तिकेत दिलेली असते आणि ती वाचणारे फार थोडे. १०० सीसीच्या गटातल्या गाड्यांत हा आकडा १३० किलोच्या घरात असतो. त्यात चालक, मागचा माणूस, पिशव्या, हेल्मेट सगळं आलं. म्हणजे १०५ किलोचा माणूस अशा गाडीवर बायकोला मागे बसवतो, तेव्हा मर्यादा तिथेच ओलांडली जाते. गाडी लगेच मोडत नाही. पण चाकाचे स्पोक, बेअरिंग, चेन आणि ब्रेक लायनर लवकर झिजतात आणि दोष कंपनीच्या माथी येतो.

टायरच्या कडेलाही हा हिशेब कोरलेला असतो. मापाच्या शेवटी एक दोन अंकी आकडा आणि एक अक्षर दिसतं. त्यातला आकडा भाराचा: ५४ म्हणजे २१२ किलो, ६२ म्हणजे २६५ किलो, ६६ म्हणजे ३०० किलो, आणि तोही त्या एका चाकावरचा, हवा योग्य भरलेली असताना. हवा कमी असली तर आकड्याला अर्थ राहत नाही. चेनच्या कव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर हवेचे दोन आकडे असतात, एकट्यासाठी आणि दोघांसाठी. सव्वाशे किलोच्या माणसानं एकटं असतानाही मागच्या टायरात दोघांचा आकडा भरणं शहाणपणाचं, कारण टायरला माणसं मोजता येत नाहीत.

ब्रेकवर खर्च करायला माणूस नाखूश असतो, तरी जड चालकाचा पैसा सीसीआधी इथे जायला हवा. एकूण भार २० टक्क्यांनी वाढला की त्याच वेगावर थांबवायची ऊर्जाही २० टक्क्यांनी वाढते. डिस्क ब्रेक ती उष्णता वाऱ्यात सहज सोडून देतो. बंद डब्यातला ड्रम लांब उतारावर तापतो आणि त्याची पकड ढिली पडते. आंबेनळी किंवा वरंध घाट उतरताना हा फरक पोटात गोळा आणतो. पुढे डिस्क आणि एबीएस, एवढी किमान अट. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्याखाली दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय चालते. १२५ आणि १५०-१६० सीसी यांत घोळणाऱ्या मोठ्या माणसाला वरची गाडी घ्यायला एवढं एक कारण पुरे आहे.

आणि गाडीचं स्वतःचं वजन? इथे मोठ्या शरीराचा फायदा आहे, पण लोक समजतात तेवढा नाही. १९५ किलोची गाडी सरळ उभी असताना दोन बोटांवर राहते. ती वीस-पंचवीस अंश कलली की पैलवानालाही आवरत नाही. नवशिक्याच्या हातून गाडी पडते ती बहुधा पार्किंगमध्ये, यू-टर्न घेताना किंवा खडीवर पुढचा ब्रेक दाबल्यावर, म्हणजे चालण्याच्या वेगात. म्हणून १५० ते १८० किलोची गाडी पहिल्या वर्षासाठी बरी. पडलेली गाडी उचलताना तिच्याकडे पाठ करून, सीटला टेकून, पायांच्या जोरावर उचलायची; कमरेत वाकून नाही. साइड स्टँडवर उभ्या गाडीच्या फूटरेस्टवर घोड्यावर चढल्यासारखं चढायची सवय जड माणसानं मोडावी. स्टँडचा तो एवढासा लोखंडी दांडा गाडीसाठी आहे.

काही गोष्टी आकड्यांत येतच नाहीत, त्या टेस्ट राइडलाच कळतात. अकरा नंबरचा बूट गिअरच्या खाली जातो का? पुढे-मागे दाबायचा दुहेरी गिअर असेल तर टाच मागच्या पट्टीवर अडते का? हँडल पूर्ण वळवल्यावर ते गुडघ्याला लागतं का? साडी गार्डला पोटरी घासते का? गुडघे टाकीच्या खाचेत बसतात, की टाकीच्या पुढे निघून लेग गार्डला टेकतात? टेस्ट राइडला रोजचेच बूट घालून जावं, चप्पल नको. आणि सेल्समन दाखवतो त्या सरळ रस्त्यावर एक फेरी मारून परतू नये. गतिरोधक, एक यू-टर्न आणि चढावर थांबून पुन्हा निघणं एवढं तरी करावं. मागे घरचं माणूस बसणार असेल तर त्याला सोबत न्यावं.

हेल्मेटच्या बाबतीत मोठ्या डोक्याची माणसं फार तडजोड करतात. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर टेपनं मोजावा. ६१-६२ सेंटिमीटरला बहुधा एक्सएल लागतं, त्यापुढे डबल एक्सएल. कंपनीगणिक माप थोडं बदलतं. दुकानात नाही म्हणून घट्ट हेल्मेट घेतलं की आठवड्याभरात ते आरशाला लटकतं. आयएसआय खूण आणि योग्य माप मिळेपर्यंत गाडीची डिलिव्हरी लांबवावी लागली तरी हरकत नाही.

निवाडा करायचाच, तर उंच आणि मध्यम वजनाच्या नवशिक्यानं एक्सपल्स किंवा व्ही-स्ट्रॉम एसएक्ससारखी उंच, हलकी गाडी आधी बघावी. रुंद अंगाच्या, मध्यम उंचीच्या माणसानं हंटर ३५० किंवा होंडाची सीबी ३५० बघावी; दोन्ही १८० ते १९० किलोच्या दरम्यान, ताठ बैठकीच्या. उंचीही आणि वजनही असेल, तर क्लासिक ३५० ला नाव ठेवायचं कारण नाही, फक्त आधी सहा महिने एखाद्या हलक्या जुन्या गाडीवर हात बसवलेला असावा. कुठलीही घेतली तरी एक काम डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमच्या आवारातच करून घ्या. पेढे वाटून झाले की मेकॅनिकला बोलवा, रोजच्या कपड्यांत गाडीवर बसा आणि शॉकअपची पायरी, हेडलाइटची उंची, गिअरची पट्टी नि टायरची हवा आपल्या वजनाला आणि पायाला जुळवून मगच गाडी बाहेर काढा.